“तोंड आलंय, एखादं जेल दे” आणि आठवड्याची गोळी

खलबत्ता (धागाकर्ती)

गेली १४ वर्षं मी औषधांच्या काउंटरवर काम करते. हे लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले, कारण चूक माझी आहे. पण इथे माझ्यासारखे काउंटरवर उभे राहणारे काही जण आहेत आणि औषधं घेणारे तर सगळेच आहेत. म्हणून लिहिते.

साठीच्या एक बाई आल्या. “तोंड आलंय गं, काही गिळवत नाही. एखादं जेल दे.” माझा हात जेलच्या कप्प्याकडे गेलाही होता. तोंड आलेलं माणूस रोजच येतं. का कोण जाणे, त्या दिवशी म्हटलं, जरा दाखवा बघू. ओठांच्या आतून, जिभेच्या कडांना, टाळ्याला, सगळीकडे सोललेलं होतं. ताप आहे का विचारलं तर म्हणाल्या, कालपासून कणकण आहे. दुसरं काही औषध चालू आहे का? “नाही गं. ते सांध्यांचं तेवढं, तुझ्याकडूनच नेलेलं.”

सांध्यांचं म्हणजे मेथोट्रेक्सेट, १० मिलिग्रॅम. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. शेवटची कधी घेतलीत? “आज सकाळी.” त्याआधीची? “काल सकाळी.”

११ दिवस रोज.

पाकिटावर अक्षर माझंच होतं. “१ गोळी – १ आठवडा.” मला म्हणायचं होतं आठवड्याला एक. त्यांनी वाचलं, आठवडाभर रोज एक. आठवडा संपल्यावर गोळ्या उरल्या, मग वाया कशाला घालवायच्या म्हणून त्याही घेत राहिल्या. सरळ वाचलं तर त्यांचाच अर्थ जास्त बरोबर होता.

तिथल्या तिथे त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, मुलाला बोलावून घेतलं आणि ते थेट रुग्णालयात गेले. रक्तात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स दोन्ही घसरलेल्या होत्या. फोलिनिक ॲसिडची, म्हणजे मेथोट्रेक्सेटवरच्या उताऱ्याची, इंजेक्शनं सुरू झाली. बाई वाचल्या, बऱ्या होऊन घरी आल्या. आणखी चार दिवस गेले असते तर काय झालं असतं हे मला माहीत आहे, म्हणूनच झोप लागत नाही.

ज्यांना हे औषध माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेशींना नवीन डीएनए तयार करायला फोलेट (एक ब जीवनसत्त्व) लागतं. मेथोट्रेक्सेट ते फोलेट कामाला लागूच देत नाही. ज्या पेशी सतत नव्या होत असतात त्यांना याचा पहिला फटका बसतो: तोंडाचं अस्तर, आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा (हाडांच्या आतला रक्तपेशी तयार करणारा भाग). आठवड्यातून एकदा घेतलं तर मधल्या सहा दिवसांत या पेशी सावरतात. रोज घेतलं तर सावरायला उसंतच मिळत नाही. म्हणून एकूण मात्रा तेवढीच असली तरी रोज विभागून घेतलेलं औषध जास्त घातक ठरतं. तोंड येणं हे आत अस्थिमज्जेत जे चाललंय त्याचं बाहेरून दिसणारं चिन्ह होतं, आणि मी त्यावर जेल देणार होते.

माझा प्रश्न असा आहे. अशा कुठल्या साध्या वाटणाऱ्या तक्रारी आहेत, ज्या ऐकल्यावर तुम्ही हात आखडता घेता आणि आधी “दुसरं काय चालू आहे?” विचारता? मला यादी करून काउंटरच्या आतल्या बाजूला लावायची आहे.

---

रात्रपाळी

ताई, आधी हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी परिचारिका आहे. आमच्याकडे चूक झाली की पहिला प्रश्न “कोणी केली?” असा येतो, आणि त्यामुळे पुढची चूक कुणी सांगतच नाही. तुम्ही पाकिटावरची अक्षरं जशीच्या तशी इथे लिहिलीत म्हणून आता मी आमच्या वॉर्डातली पाकिटं तपासणार आहे.

लिहिण्यातल्या आणखी काही फसव्या गोष्टी सांगते. इन्सुलिनच्या मात्रेपुढे युनिटसाठी नुसतं इंग्रजी ‘यू’ लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं, आणि ४ युनिटचे ४० होतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. १ लिहायचं असेल तर १ च लिहायचं, १.० नाही. टिंब पुसट झालं की १० होतात. अर्धा लिहायचा तर ०.५ लिहायचं, नुसतं टिंब पाच नाही.

आपल्या लिपीचे धोके वेगळेच आहेत, त्यावर कुणी फारसं बोलत नाही. हाताने घाईत लिहिलेला १ आणि ९ यांत एका वळणाचा फरक असतो. मराठी ४ तर इंग्रजी आठसारखाच दिसतो. एकाच कागदावर डॉक्टरांचे आकडे इंग्रजी आणि आपले मराठी असले की वाचणाऱ्याने कुठले कसे वाचायचे? मी आता आकड्यापुढे अक्षरी लिहिते: ४ (चार).

---

वॉर्ड_क्रमांक_४

मी रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. यादीसाठी माझ्याकडून, डोक्यात येतील तशा:

घसा दुखतोय आणि ताप आहे, आणि माणूस थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेतोय. घशाच्या गोळ्या देऊ नका, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला पाठवा. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात, आणि हे बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत होतं. मानसिक आजारासाठी क्लोझापिन घेणाऱ्यांचंही तेच.

टाचेच्या वरच्या जाड शिरेत (स्नायूबंधात) दुखतंय, लंगडतोय, आणि आठवड्याभरात सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स झालीयत. मलम चोळायला देऊ नका. स्नायूबंध तुटू शकतो. साठीच्या पुढे आणि सोबत स्टेरॉइड असेल तर धोका अधिक. औषध थांबवायचं की नाही ते डॉक्टरांना लगेच विचारायचं, तोवर पायाला विश्रांती.

अंग ठणकतंय, मांड्या दुखतायत, लघवी गडद झालीय, आणि कोलेस्टेरॉलच्या सिम्व्हास्टॅटिनवर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू झालंय. ही जोडी एकत्र द्यायचीच नसते.

कोरडा खोकला, महिना झाला, कुठल्याच सिरपने जात नाही, आणि रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल चालू आहे. पाचवी बाटली देण्याआधी गोळीचं नाव विचारा.

पुरळ उठलंय, डोळे चुरचुरतायत, तोंडही आलंय, आणि गेल्या दोन महिन्यांत फिट्सचं नवीन औषध सुरू झालंय. विशेषतः लॅमोट्रिजिन आणि सोबत व्हॅल्प्रोएट. व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दुप्पट होतं, म्हणून तिथे मात्रा फार हळू वाढवावी लागते. त्वचा सोलवटायला लागायच्या आत रुग्णालय गाठायचं.

तुमच्या बाईंच्या बाबतीत एक विचारायचं राहिलं. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल वगैरे मध्ये काही झालं होतं का? त्यातलं ट्रायमेथोप्रिमही फोलेटच्याच वाटेवर आडवं येतं. मेथोट्रेक्सेट अगदी बरोबर, आठवड्यातून एकदाच घेणारी माणसंसुद्धा त्या जोडीने अस्थिमज्जा बंद पडून दाखल झालेली मी पाहिली आहेत.

---

खलबत्ता

नाही, अँटिबायोटिक काही नव्हतं. पण हे यादीत वरच्या बाजूला टाकते. धन्यवाद.

---

काळजीवाहू

मी औषधांच्या क्षेत्रातली नाही. वडिलांची औषधं मी बघते, म्हणून हा धागा वाचता वाचता पोटात गोळा आला.

बाबांचं वय ७४. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन चालू आहे, दोन वर्षं झाली. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) दर महिन्याला करतो, नेहमी २ ते ३ च्या मध्ये असतो. दाढेला पू झाला म्हणून पाच दिवसांपूर्वी दंतवैद्यांनी मेट्रोनिडाझोल दिलं. आज सकाळपासून दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय. मला वाटलं दाढेमुळेच. आयएनआरची तारीख अजून १२ दिवसांनी आहे. थांबू का?

---

वॉर्ड_क्रमांक_४

थांबू नका. आजच आयएनआरसाठी रक्त तपासायला द्या आणि वॉर्फरिन देणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच फोन करा. दाढेमुळेही रक्त येऊ शकतं, पण ते ठरवायला आकडा हवा.

कारण सांगतो. वॉर्फरिनचा जो भाग जास्त जोरकस असतो, तो यकृतातल्या एका विशिष्ट एन्झाइमने मोडला जातो. मेट्रोनिडाझोल नेमकं तेच एन्झाइम अडवतं. गोळी तेवढीच, पण रक्तात साचतं जास्त. को-ट्रायमोक्साझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल हेही असंच करतात, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोनही करतं आणि ते तर महिनोन्‌महिने शरीरात राहतं. अशा वेळी महिन्याची ठरलेली तारीख विसरायची आणि नवीन औषध सुरू झाल्यापासून तीन ते पाच दिवसांत आयएनआर करायचा.

शौच काळं होणं, लघवीत रक्त, अंगावर न लागता निळे डाग, जोरात डोकं दुखणं, पडून डोक्याला मार लागणं, यातलं काहीही असेल तर तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालयात.

स्वतःहून कुठलीच गोळी बंद करू नका. वॉर्फरिन एकदम सोडलं तर गुठळीचा धोका परत येतो.

---

काळजीवाहू

बाकी काही लक्षण नाही. निघतोय आम्ही. आल्यावर लिहिते.

---

स्टेथो

मी जनरल प्रॅक्टिस करतो. धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो.

चिठ्ठीतली जोखीम सांगताना काही ठिकाणी रुग्णाला इतकं घाबरवलं जातं की तो औषधच सोडून देतो. माझ्याकडे मेथोट्रेक्सेट सोडून दिलेले लोक सांधे वाकडे झाल्यावर परत येतात. ते औषध नीट घेतलं आणि रक्त वेळेवर तपासलं (सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी, यकृताच्या तपासण्या आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, नंतर सुमारे तीन महिन्यांनी) तर वर्षानुवर्षं सुरक्षित चालतं. पाकिटातल्या पत्रकावर ६० दुष्परिणाम छापलेले असतात. ते सगळे वाचून दाखवणं म्हणजे समुपदेशन नाही.

दुसरं, संगणक. दोन औषधं एकत्र लिहिली की लाल चौकट येते. ती इतक्या वेळा येते की हात आपोआप ‘पुढे’ दाबतो. खरी धोक्याची चौकट आणि फालतू चौकट एकाच रंगाची असते. हा माझा आळस आहे असं मला वाटत नाही, कुणाचंही तेच होतं.

---

खलबत्ता

डॉक्टर, घाबरवण्याबद्दल पूर्ण सहमत. मी ६० सांगत नाही, तीन सांगते. हे औषध कशासाठी आहे, कधी आणि किती घ्यायचं, आणि काय झालं तर त्याच दिवशी फोन करायचा. मेथोट्रेक्सेटसाठी तिसरी गोष्ट अशी: तोंड आलं, घसा धरला, ताप आला, नवीन खोकला किंवा धाप लागली तर पुढची गोळी घेण्याआधी फोन.

आणि सांगून झाल्यावर त्यांच्याकडून वदवून घेते. “कळलं ना?” असं विचारलं की सगळेच “हो” म्हणतात. “घरी सुनेला कसं सांगाल, मला सांगून बघा” म्हटलं की काय कळलं ते कळतं. त्या बाईंना मी हे विचारलं नव्हतं. गर्दी होती.

---

स्टेथो

वदवून घेणं मीही सुरू करतो.

वरच्या खोकल्याच्या मुद्द्यावर माझ्याच एका रुग्णाचं सांगतो. रक्तदाबासाठी मी अम्लोडिपिन दिलं. दोन महिन्यांनी घोट्यांना सूज आली. ते दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी सूज उतरायला लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड दिलं. लघवीतून पोटॅशियम गेलं, पायात गोळे यायला लागले, म्हणून तिसऱ्या ठिकाणी पोटॅशियमचं सिरप. मग गुडघा दुखला म्हणून डायक्लोफिनॅक. माझ्याकडे आले तेव्हा चिठ्ठीवर सात औषधं होती आणि क्रिएटिनिन वाढलेलं. मुळात अम्लोडिपिनच्या सुजेला फ्युरोसेमाइड फारसं लागूच पडत नाही, कारण ती सूज शरीरात पाणी जास्त झाल्याने नसते, केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपल्याने असते. मात्रा कमी करणं किंवा औषध बदलणं हाच उपाय. अम्लोडिपिन बदललं आणि चार औषधं आपोआप गेली.

एका औषधाचा दुष्परिणाम नवीन आजार समजून त्यावर दुसरं औषध देणं, मग त्याच्यावर तिसरं, याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात. १९९० च्या दशकात हे नाव रूढ झालं. आम्ही डॉक्टर आपापल्या खोलीत बसून हे करतो. सगळ्या चिठ्ठ्या एका जागी येतात त्या काउंटरवर. तिथून फोन आला तर मला राग येत नाही हे इथे जाहीर लिहून ठेवतो.

---

रात्रपाळी

+१. शेवटच्या वाक्याची छापील प्रत हवी आहे.

---

नमुना_नळी

प्रयोगशाळेतून लिहितेय. औषधांची पातळी तपासायला जे रक्त येतं त्याबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून.

आमच्याकडे मनाच्या आजारावरच्या लिथियम या औषधाचा नमुना येतो. नळीवर नाव, वय, रक्त काढल्याची वेळ. शेवटची गोळी कधी घेतली ते जवळजवळ कधीच लिहिलेलं नसतं. मशीन आकडा देतं, पण तो आकडा कशाचा आहे ते मशीनला माहीत नसतं.

---

वॉर्ड_क्रमांक_४

ताई, हा मुद्दा फार मोलाचा आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

लिथियमची जी मर्यादा आपण वाचतो, साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर, ती शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढलेल्या रक्तासाठी आहे. तासाभरापूर्वी गोळी घेऊन आलेल्या माणसाचं रक्त काढलं तर आकडा उगाच वर दिसतो. आमच्याकडे एकाचा १.६ आला. सगळे धावले. माणूस मजेत बसलेला, हात थरथरत नाहीत, बोलणं स्पष्ट. विचारल्यावर कळलं, गोळी सात वाजता, रक्त दहा वाजता. दुसऱ्या दिवशी १२ तासांनी काढलं तर ०.८.

उलटंही पाहिलं आहे, आणि ते जास्त वाईट. एका बाईंचा आकडा कायम ०.८. गुडघ्यासाठी त्यांनी स्वतःच आयब्युप्रोफेन सुरू केलं, वर दोन दिवस जुलाब झाले. दोन्हीमुळे मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकेनाशी झाली. आल्या तेव्हा पावलं झोकांड्या खात होती आणि जीभ जड झाली होती. घरच्यांना वाटलं, अर्धांगाचा झटका. लिथियम घेणाऱ्याला जुलाब-उलट्या झाल्या किंवा अंगातलं पाणी कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, आणि वेदनाशामक विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. रक्तदाबाची काही औषधं, विशेषतः थायझाइड आणि प्रिल गटातली, हीही पातळी वाढवतात.

फिट्सवरच्या फेनिटोइनचा स्वभाव आणखी निराळा. बहुतेक औषधांत मात्रा दीडपट केली की पातळी साधारण दीडपट होते. फेनिटोइन मोडणारी यकृतातली यंत्रणा एका टप्प्यानंतर भरून जाते. मग ३०० चे ३५० मिलिग्रॅम केले तरी पातळी दुप्पट होऊ शकते. १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या मर्यादेच्या तळाशी असलेला माणूस एवढ्याशा वाढीने चक्कर येऊन, डोळ्यांची बुबुळं थरथरत परत येतो. शिवाय हे औषध बरंचसं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असतं. कुपोषित किंवा आजाराने खंगलेल्या माणसात अल्ब्युमिन कमी असतं, त्यामुळे एकूण पातळी १२ दिसते, सगळं ठीक वाटतं, आणि मोकळं औषध मात्र विषारी पातळीला पोचलेलं असतं. आकडा एकटा वाचायचा नाही. माणूस, वेळ, अल्ब्युमिन, मूत्रपिंडं, सोबतची औषधं, सगळं शेजारी ठेवून वाचायचा.

डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधालाही गोळीनंतर किमान सहा तास थांबावं लागतं, तोवर ते रक्तातून हृदयात नीट पोचलेलं नसतं.

नमुना_नळी, तुमच्या फॉर्मवर “शेवटची मात्रा: तारीख व वेळ” असा रकाना घालता येईल का? आणि तो रिकामा असेल तर नमुना घेतानाच विचारायचं?

---

नमुना_नळी

फॉर्म बदलायला परवानगी लागते, मागते. तोवर रक्त घेताना तोंडी विचारून नळीच्या कागदावर पेनाने लिहायला आजपासून सुरुवात केली आहे.

---

नवशिकी

मी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

समजा काउंटरवर कुणी येऊन सांगितलं की या गोळीने अंगावर पुरळ उठलं. ते त्याच गोळीने उठलं की आणखी कशाने, हे मला सिद्ध करता येणार नाही. मग दुष्परिणामांच्या नोंदी गोळा करणाऱ्या केंद्राकडे नोंद पाठवायची का? खोटी नोंद झाली तर? आणि त्रास औषधानेच झाला का हे गुणांनी ठरवणारी नारांजो मापनपट्टी शिकवली आहे, ती खरंच कुणी वापरतं का?

---

वॉर्ड_क्रमांक_४

वापरतो. १९८१ साली आलेले दहा प्रश्न आहेत. औषध घेतल्यानंतर त्रास झाला की आधीपासून होता, थांबवल्यावर कमी झाला का, दुसरं कारण असू शकतं का, पूर्वी याच औषधाने असं झालं होतं का, वगैरे. बेरीज ९ किंवा जास्त आली तर निश्चित, ५ ते ८ बहुधा, १ ते ४ शक्य, शून्य किंवा खाली शंकास्पद. त्यात औषध पुन्हा दिल्यावर त्रास परत झाला का असाही प्रश्न आहे. गुण वाढवायला म्हणून कुणाला औषध पुन्हा देऊन बघायचं नसतं हे पक्कं लक्षात ठेव. त्वचा सोलवटली असेल किंवा श्वास कोंडला असेल तर कधीच नाही.

पण नोंद पाठवायला ही बेरीज लागत नाही. संशय पुरेसा आहे. चार गोष्टी हव्यात: रुग्ण (वय, लिंग, आद्याक्षरं), कळवणारा, संशयित औषध आणि काय झालं ते. औषधाचा बॅच क्रमांक मिळाला तर उत्तम, पट्टी फेकून देऊ नका असं आधी सांग.

---

खलबत्ता

नवशिकी, प्रश्न मुळीच बाळबोध नाही. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं की खात्री झाल्याशिवाय कळवणं म्हणजे औषधावर आळ घेणं.

गणित बघ. एखादा गंभीर दुष्परिणाम १०,००० त एकाला होत असेल, तर चाचणीत तो एकदा तरी दिसेल अशी ९५ टक्के शक्यता यायला सुमारे ३०,००० माणसं लागतात. औषध बाजारात येण्याआधी ते काही हजार लोकांवरच तपासलेलं असतं. म्हणजे असे दुष्परिणाम तिथे दिसणं बहुतेक वेळा शक्यच नसतं. ते पुढे वापरात दिसतात, आणि वापर आपल्या डोळ्यांसमोर होतो.

थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं. झोपेसाठी, आणि पुढे गरोदरपणातल्या मळमळीसाठीही. हातपाय न वाढलेली मुलं जन्माला येऊ लागली. १९६१ मध्ये जर्मनीत लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात मॅकब्राइड या डॉक्टरांनी वेगवेगळं तेच म्हटलं, या मातांनी हे औषध घेतलं होतं. त्यांच्याकडेही पुरावा पक्का नव्हता, संशय होता. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत ते मागे घेतलं गेलं. तोवर जगभरात १०,००० हून जास्त मुलांवर परिणाम झाला होता. त्यानंतर १९६४ मध्ये ब्रिटनने डॉक्टरांसाठी पिवळं कार्ड सुरू केलं, संशय आला की लिहा आणि पाठवा. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशीच्या नोंदी एकत्र करायला घेतल्या. १९७८ पासून ते काम स्वीडनमधल्या उप्साला इथून चालतं.

तुझी एक नोंद काही सिद्ध करत नाही. पण वेगवेगळ्या ठिकाणच्या चाळीस जणांनी तेच पुरळ, तेच औषध असं लिहिलं की नोंदी तपासणाऱ्यांना ते दिसतं. त्या चाळिसांतलं प्रत्येक जण “मला खात्री नाही” म्हणून गप्प बसलं तर काहीच दिसत नाही.

माझ्या चुकीचीही नोंद मी पाठवली आहे. त्यात “मात्रेच्या सूचनेचा चुकीचा अर्थ निघाला” असं लिहिलं, आणि सूचना काय होती तेही.

---

नवशिकी

ताई, गेल्या आठवड्यात प्रशिक्षणाच्या ठिकाणी एकाने सल्फाच्या गोळीनंतर ओठ सुजल्याचं सांगितलं होतं. मी वहीत लिहून ठेवलंय, कळवलं नव्हतं. उद्या कळवते.

---

वॉर्ड_क्रमांक_४

कळव. आणि त्या माणसाच्या हातात औषधाचं नाव लिहिलेला कागद दे, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवायला. आपली नोंद जगाच्या उपयोगी पडेल तेव्हा पडेल, तो कागद त्याला पुढच्या महिन्यातच लागू शकतो.

---

काळजीवाहू

परत आले. बाबांचा आयएनआर ४.९ आला.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. आज आणि उद्या वॉर्फरिन घ्यायचं नाही, वॉर्फरिनवरचा उतारा म्हणून व्हिटॅमिन के द्यायची सध्या गरज नाही. दंतवैद्यांशी ते स्वतः बोलले, मेट्रोनिडाझोल थांबवून दुसरं औषध देताहेत. हिरड्यांचं रक्त जवळजवळ थांबलं आहे. बाबांना आम्ही सगळ्यांनी रागावलं की दंतवैद्यांना वॉर्फरिनचं का सांगितलं नाहीत, तर ते म्हणाले, “त्यांनी दातांचं विचारलं, हृदयाचं कुठे विचारलं?”

वरचं सगळं पुन्हा वाचलं. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

---

खलबत्ता

किती बरं वाटलं वाचून! बाबांना रागावू नका. विचारायचं काम आमचं होतं, दंतवैद्यांचं आणि ती गोळी ज्याने काउंटरवरून दिली त्याचं.

त्यांच्या खिशात एक कार्ड ठेवा: “मी वॉर्फरिन घेतो”, मात्रा, डॉक्टरांचा फोन. आणि पुढचा आयएनआर कधी सांगितला आहे ते बघा. मेट्रोनिडाझोल थांबलं की त्याचा अडथळा निघतो, दोन दिवसांची गोळीही चुकलेली असते, त्यामुळे आकडा आता उलट दिशेने, खाली घसरू शकतो. शिवाय नवीन औषध कोणतं दिलंय त्याचं नावही डॉक्टरांना कळलं आहे ना, ते विचारा. महिन्याच्या जुन्या तारखेवर जाऊ नका.

---

काळजीवाहू

परवा सकाळी बोलावलंय, मग पुन्हा चार दिवसांनी. नवीन औषध अमॉक्सिसिलिन आहे, त्यांनीच ठरवून दिलंय. कार्ड धाकटीने आत्ताच केलं. मात्रा आकड्यात आणि कंसात अक्षरी लिहिली आहे.